दांडीवरचा दुपट्टा

“आत कोणी हाये का गा?” नरहरीनं रिकाम्या इंजिनाच्या खिडकीकडं तोंड करून आवाज दिला.

“भूत हाये! माहं!” मी गेटवरून ओरडलो.

“मग भुता, ये इकडे. भाकर खाऊ.”

हा आमचा रोजचा खेळ. मी मेलो नव्हतो, नुसता इंजिनातून उतरवला गेलो होतो. पण ज्या खिडकीत कोपर टेकून उभी हयात काढली, ती बाहेरून पाहायची म्हणजे मेल्यासारखंच की. नरहरीला ते कळायचं, म्हणून तो चेष्टा करायचा. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी तोंडाचा फटकळ. अजूनही आहे.

चंद्रपूरकडचा सिमेंटचा कारखाना तो. मालगाडीचे रिकामे डबे आमच्या यार्डात यायचे, सिमेंट भरून परत जायचे. ते डबे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या इंजिनाचा मी ड्रायव्हर अन् नरहरी पिंपळशेंडे पॉइंट्समन. डबे जोडायचं, तोडायचं, रुळाचे सांधे बदलायचं काम त्याचं. आमच्या जोडीला यार्डात नवराबायको म्हणत. त्यातली बायको कोण, यावरून आमचं भांडण व्हायचं.

मग कंपनीनं रिमोट आणला. छातीवर पट्ट्यानं बांधायची एक पिवळी पेटी. तिच्यावर खटके, बटणं. पेटीवाला जमिनीवर उभा राहून इंजिन पुढं-मागं करणार, इंजिनात कुणी बसायचंच नाही. यार्डाचे इंचार्ज साळुंके साहेब मला म्हणाले, “निखाडे, तुमचं वय झालं. पेटी घेऊन उन्हात फिरणं तुम्हाला झेपायचं नाही. गेटवर बसा आरामात.” गेट म्हणजे कारखान्याच्या आतलंच, ट्रकांचा रस्ता रूळ ओलांडतो तिथलं. ट्रक आला की दांडा वर, इंजिन आलं की दांडा खाली. माकडाला शिकवलं तरी जमेल.

पेटी मिळाली नरहरीच्या जावयाला, रुपेशला. वाईट नव्हता पोरगा. आयटीआय झालेला, हाताला सफाई. नरहरीनंच शब्द टाकून त्याला कामावर लावलं होतं. घरी तो त्याला ‘जवाईबापू’ म्हणे, यार्डात ‘रुपेश’.

त्या दिवशी माझ्या गेटच्या टपरीत आम्ही तिघं जेवायला बसलो. मे महिना. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय सांगावं, रुळाला हात लागला की कातडी चिकटायची. नरहरीनं डबा उघडला. ज्वारीची भाकर, कांदा अन् आंब्याचा ठेचा.

“पौर्णिमानं केला,” तो म्हणाला. “दिवस भरत आले, तरी पाट्यावर बसते. सांगतलं तं आयकत नाही.”

“तुही पोरगी हाये, कायले आयकन?” मी म्हटलं.

रुपेश हसला. त्याची पिवळी पेटी बाकावर ठेवलेली होती. मी पाय लांब करताना तिला धक्का लागला तसा तो म्हणाला, “काका, जपून. आता तेच इंजिन हाये.”

“इंजिन म्हणे! इंजिनाले डोळे असतात बे. ह्या डबड्याले कुठं हायेत?”

“झालं याचं सुरू,” नरहरी म्हणाला. मग भाकर खाली ठेवून जावयाकडं वळला. “पन रुपेश, दौलत बोलते त्यात खोटं नाही. परवा तू खांबापाशी आला नाही.”

रुपेशनं मान खाली घातली.

हे खांबाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या यार्डात एक रीत होती. नरहरीला इंजिन अन् डब्याच्या मधे शिरायचं असलं की तो डोक्याचा लाल दुपट्टा सोडायचा अन् इंजिनाच्या पुढच्या दांडीला, माझ्या खिडकीसमोर, गाठ मारून टांगायचा. दुपट्टा दांडीवर आहे तोवर माणूस आत आहे. मग ब्रह्मदेव आला तरी मी हँडलला हात लावत नसे. अन् ज्यानं टांगला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं शिवायचासुद्धा नाही. काम झालं की नरहरी बाहेर यायचा, दुपट्टा सोडून खांद्यावर टाकायचा अन् मोठ्यानं म्हणायचा, “आलो बाहेर!” मी वरून म्हणायचो, “आला गा, आला!” तेव्हा गाडी हलायची. कोणत्या साहेबानं शिकवलेलं नव्हतं हे. आमच्या आधीच्या लोकांपासून चालत आलेलं.

इंजिनातला माणूस गेला, तरी नरहरीनं रीत सोडली नाही. पण पेटीवाला उभा असायचा पार दुसऱ्या टोकाला, सिमेंट भरायच्या शेडपाशी. शेडच्या आडून इंजिन दिसत नसे. म्हणून नरहरीनं जावयाशी बोली केली होती. शेडच्या बाहेर वळणावर एक खांब आहे, तिथवर चालत यायचं, इंजिनाच्या दांडीकडं पाहायचं, दुपट्टा नसला तरच परत जाऊन बटण दाबायचं. वॉकीटॉकी होता एक नरहरीकडं, तो दुरुस्तीला गेला तो गेलाच.

“साहेब मागं लागते मामाजी,” रुपेश म्हणाला. “प्रत्येक खेपेले खांबापर्यंत जा, या. म्हनते, पेटी कायले दिली तुले, फिरायले?”

“साहेबाले म्हना, सासरा पिसाट हाये माहा. पन ये.”

“येतो न. होनाऱ्या लेकराची शपथ, पाह्यल्याशिवाय बटन नाही दाबनार.”

“ओ!” नरहरीनं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. “लेकराची शपथ नाही घ्यायची. कधीच नाही घ्यायची. थूक पाहू.”

रुपेश बाहेर जाऊन थुंकला. मी हसलो. नरहरी मात्र हसला नाही. उरलेला ठेचा त्यानं बोटानं माझ्या भाकरीवर सारला, दुपट्टा डोक्याला गुंडाळला अन् दोघं कामावर गेले.

मी गेटवर उभा राहिलो. तिथून मला दोन्ही दिसायचं. डाव्या हाताला इंजिन अन् त्याला जोडलेली रिकाम्या डब्यांची रांग, उजव्या हाताला वळण अन् तो खांब. शेडच्या आतलं काही दिसत नसे.

गाडी उभी होती. नरहरी इंजिनाशी आला, वाकला. इंजिन अन् पहिल्या डब्याच्या मधला हवेचा पाइप सुटून खाली लोंबत होता. तो तसाच राहिला तर रुळाखालच्या स्लीपरवर आपटून फुटतो. नरहरीनं दुपट्टा सोडला, दांडीला टांगला, गाठ मारली. खिडकीकडं पाहून सवयीनं हात वर केला. खिडकीत कोण होतं हात करायला? मीच गेटवरून हात केला. त्याला तो दिसला नाही अन् तो आत शिरला.

माझी नजर खांबाकडं होती. खांबापाशी कुणी नव्हतं. म्हटलं, येईल.

इंजिन हललं.

आधी मला वाटलं उन्हानं डोळ्यांना तसं दिसतं. मग दुपट्टा हलताना दिसला. दुपट्टा दांडीवर होता अन् दांडी पुढं चालली होती! “थांबव! अबे थांबव!” मी बोंबललो. सिमेंटच्या गिरणीची घरघर, गेटवर दोन ट्रक भोंगे वाजवत उभे, माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी धावलो. असा कधी धावलो नव्हतो अन् पुन्हा धावणार नाही. इंजिनाच्या पायरीपाशी बाहेरून दाबायचं एक लाल बटण असतं. चालत्या इंजिनाच्या बाजूनं पळत पळत मी त्याच्यावर अख्खा हात आपटला. हवा सुटली, चाकं किंचाळली, इंजिन थांबलं.

मी मधे वाकून पाहिलं.

नरहरी रुळाच्या अलीकडं होता. त्याचे दोन्ही पाय मांडीपासून पलीकडं होते. जास्त सांगत नाही.

मी सदरा फाडला, कमरेचा पट्टा काढला, बांधायला लागलो. हात घसरत होते. गेटवरचा एक ट्रकवाला धावत आला, पाहिलं अन् ओकला. त्याला म्हटलं, “ऑफिसात जा, गाडी बोलाव!” तो पळाला. आता आम्ही दोघंच.

“दौलत,” नरहरी म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता, तेच वाईट वाटलं.

“बोलू नको. गाडी येऊन रायली.”

“दुपट्टा कुठं हाये?”

“दांडीवरच हाये. कुठं जाते?”

“पाह्यला तू? मी टांगला होता न?”

“टांगला होता गा! मी डोळ्यानं पाह्यला. अन् तो भडवा आलाच नाही खांबापाशी! मी पाहून रायलो होतो. आलाच नाही तो!”

“मले मालूम हाये.” त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, गेला. पण त्यानं पुन्हा उघडले. “काढ.”

“काय?”

“दुपट्टा काढ. लोकं येतीन आता.”

मग डोक्यात उजेड पडला अन् अंगाचा तिळपापड झाला. “नाही काढत! पाहू दे सगळ्यांले. साळुंक्यालेही पाहू दे. शपथ घेतली होती त्यानं आताच, भाकर गळ्याखाली उतरली नाही अजून. भोगू दे त्याले!”

“तो नाही भोगत गा,” नरहरी म्हणाला. “माही पोरगी भोगते.”

मी पट्टा आणखी आवळला.

“तिचा नवरा तुरुंगात, बाप सरनावर. पोटात लेकरू. अन् बापाले मारलं कोणं, तं नवऱ्यानं. कशी जगन ती त्याच्यासंगं?” बोलता बोलता त्याचे दात वाजायला लागले, एवढ्या उन्हात. “दुपट्टा नव्हता, तं मीच मूर्ख. म्हातारा विसरला. संपली गोष्ट.”

“अन् तुहं नाव? सारी जिंदगी तू…”

“नाव काय चाटाचं हाये? काढ ना गा.”

“ज्यानं टांगला त्यानंच काढायचा,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. रडायला लागलो होतो मी, रांडेच्यासारखा. “रीत हाये.”

तो हसला. खरंच हसला. “मग मले आनून दे.”

मी उठलो. दांडीशी गेलो. गाठ पक्की होती, नरहरीची गाठ ती, सुटता सुटेना. शेवटी दातानं सोडवली. दुपट्टा आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो मुठीत धरला, खांद्यावर टाकायला गेला, हात वर जाईना. मी टाकला.

“आलो बाहेर,” तो म्हणाला.

अन् माझ्याकडं पाहत राहिला. मी उत्तर द्यायचं होतं. तेवढंच माझं काम होतं, ‘आला गा, आला’ म्हणायचं. माझ्या तोंडून हुंदक्याशिवाय काही बाहेर पडेना. नरहरी वाट पाहत होता. पाहता पाहता त्याची नजर तिथंच थांबली.

तेवढ्यात रुपेश पळत आला. छातीवर ती पिवळी पेटी थडथड आपटत होती. मी त्याच्याकडं पाहत होतो म्हणून सांगतो. त्यानं आधी सासऱ्याकडं पाहिलं नाही. आधी पाहिलं दांडीकडं. दांडी रिकामी दिसली. मग तो गुडघ्यावर पडला अन् त्यानं हंबरडा फोडला, “मामाजी! दुपट्टा काहून नाही टांगला हो!”

मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. मी नरहरीचे डोळे मिटवले.

चौकशी झाली. बाहेरून एक साहेब आले होते, शांत आवाजाचे. आधी रुपेशला विचारलं. तो टेबलाकडं पाहून म्हणाला, “मी खांबापाशी आलो होतो. पाहिलं. दुपट्टा नव्हता.” आलो होतो म्हणे! माझी मूठ आपोआप वळली. एवढंसुद्धा बोलायची त्याला गरज नव्हती. सासऱ्यानं त्याला नुसतं वाचवलं होतं, त्यानं त्यात आपल्या पदरचं घालून स्वतःला शहाणा केला.

मग माझी पाळी आली.

“निखाडे, तुम्ही गेटवर होता. इंजिनाच्या दांडीला दुपट्टा होता?”

रुपेशनं मान वर केली. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याला खात्री नव्हती. माझ्याकडं असा पाहत होता, खाटकाकडं बकरं पाहतं तसा.

“नव्हता,” मी म्हटलं.

“मग तुम्ही धावलात कशावरून? माणूस आत आहे, हे तुम्हाला कसं कळलं?”

हुशार माणूस होता.

“ओरडला तो.”

“गिरणी चालू होती, ट्रक उभे होते. तुम्हाला गेटवर ऐकू आलं?”

“आपल्या माणसाचं ऐकू येते साहेब.”

त्यांनी पेन बंद केलं. निकाल लागला की मयतानं नेहमीची खूण लावली नाही, चूक त्याची. कारखान्यानं रुळाच्या कडेला मोठा बोर्ड लावला. त्यावर नरहरीचं नाव अन् खाली लिहिलं, ‘एका क्षणाचा विसर’. माझी नोकरी संपेपर्यंत मी रोज त्या बोर्डाखालून गेलो. ज्या माणसानं रीत जपली, त्याला साऱ्या यार्डात बिनरितीचा करून टांगला होता. पहिल्या वर्षी एकदा मी त्या बोर्डावर थुंकलो, तर साळुंके साहेबांनी मला मेमो दिला. मी म्हटलं, द्या.

रुपेश चढत गेला. आता तो नव्या पोरांना पेटी शिकवतो, सुरक्षेचे धडे देतो. बोलतो चांगला. परवा त्याला कंपनीचं बक्षीस मिळालं म्हणून पौर्णिमानं घरी जेवायला बोलावलं. मी जात नाही सहसा, पण तिला नाही म्हणवत नाही. ठेचा तिच्या हातचा असतो.

बैठकीत रुपेशभोवती त्याच्या हाताखालची मंडळी बसली होती. तो सांगत होता, “माझे स्वतःचे सासरे. आयुष्यात एकदाच विसरले. मी खांबापाशी उभा राहून या डोळ्यांनी पाहिलं, दांडी रिकामी होती.” त्याचा आवाज भरून आला. ढोंग नव्हतं ते. इतक्या वेळा सांगून त्याला ते खरंच दिसायला लागलं असावं. त्याचा पोरगा, ज्याची त्यानं शपथ घेतली होती, मिशा फुटलेला, बापाच्या मागं उभा राहून ऐकत होता.

मी उठून आत स्वैपाकघरात गेलो. भिंतीवर नरहरीचा फोटो, खाली दिवा. पौर्णिमा ताट वाढत होती.

“काका, एक विचारू?” तिनं मान वर न करताच म्हटलं. “तुमी त्या दिवशी गेटवर होते. बाबा विसरला कसा?”

“आता काय काढतं ते, पोरी?”

“घरून निघतानी कडी दोन-दोनदा ओढून पाहे तो. भाजीवालीले पैसे दिले का नाही, म्हनून अर्ध्या रस्त्यातून वापस ये. अन् त्याच दिवशी विसरला? माह्या लेकराचं तोंडही पाह्यचं होतं त्याले. तेवढी काळजी घेता नाही आली?” तिनं पदरानं डोळे पुसले, पण आवाज रडका नव्हता, कडक होता. “मले लई राग येते त्याचा. रोज दिवा लावते अन् मनातल्या मनात शिव्या देते. ह्यायले केवढा भोग देऊन गेला तो. अजून रात्री दचकून उठतात हे.”

गावभर मी फटकळ म्हणून बदनाम. कुणाचं काही पोटात ठेवलं नाही कधी. त्या वेळी जीभ दातांवर येऊन बसली होती. बैठकीत रुपेश पाणी मागत होता, अन् पोरगा “आणतो बाबा” म्हणून आत येत होता. आजोबाची उंची घेतली त्यानं, नाक आजोबाचं घेतलं. माठातलं पाणी घेऊन तो परत गेला.

“विसरला पोरी,” मी म्हटलं. “मानूस हाये. विसरते.”

“तुमी स्वतः पाह्यलं होतं?”

“पाह्यलं. दांडी रिकामी होती.”

तिनं एक लांब श्वास सोडला. तिला काय हवं होतं कोण जाणे, पण मिळालं नाही एवढं दिसलं. ती भाताच्या पातेल्याकडं वळली.

मी फोटोकडं पाहिलं. फोटोतसुद्धा त्याच्या खांद्यावर दुपट्टा होता अन् तो तसाच पाहत होता, त्या दिवशी पाहत होता तसा.

“आला गा,” मी म्हटलं. “आला.”

“काय म्हनलं काका?”

“काही नाही. भात वाढ.”